दाह शमतो, व्रण उरतो : फुफ्फुसांच्या तंतुमय आजाराची ओळख

आपल्या रुग्णालयाच्या छातीविकार विभागात येणाऱ्या काही रुग्णांची हकिकत इतकी एकसारखी असते, की पहिली दोन वाक्ये ऐकताच पुढची कळावीत. पन्नाशी ओलांडलेली एखादी गृहिणी किंवा नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. सहा-आठ महिन्यांपासून कोरडा खोकला. आरंभी कल्याण वा डोंबिवली स्थानकाचा पूल चढताना धाप लागे. पुढे घराचा एक जिना चढणे कठीण झाले. आता आंघोळ करून आल्यावरही पाच मिनिटे बसावे लागते. मधल्या काळात दम्याचा पंप झाला, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, क्वचित क्षयाची औषधेही सुरू होऊन बंद झाली. ‘वय झाले, असे व्हायचेच,’ अशी घरच्यांनी समजूत घातली. अखेर सी.टी. स्कॅन होतो आणि अहवालात ‘फायब्रोसिस’ हा शब्द येतो. त्यानंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘डॉक्टर, हे बरे होईल ना?’

या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे एका गोष्टीवर अवलंबून असते. त्या रुग्णाच्या फुफ्फुसात आज दाह किती आहे आणि व्रण किती आहे? दाह शमवता येतो. एकदा पक्का झालेला व्रण पुसता येत नाही. या दोन अवस्थांमधील फरक आणि त्यामागील सूक्ष्म घडामोडी आमचे सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांना समजाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

वायुकोशांची नाजूक रचना

आपल्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून साधारण ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. द्राक्षांच्या घडासारखे हे सूक्ष्म फुगे श्वासागणिक फुगतात व आकसतात. वायुकोशातील हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. प्राणवायू या पडद्यातून रक्तात जातो. पडदा जाड झाला की प्राणवायूची वाट अडते. फुफ्फुसांच्या तंतुमय आजारांत नेमके हेच घडते. दम्यामध्ये श्वासनलिका अरुंद होतात, त्यामुळे पंपाने आराम पडतो. येथे बिघाड नळीत नसून पडद्यात असतो. म्हणून पंप कितीही ओढला तरी उपयोग होत नाही.

अशा आजारांचे प्रकार शंभराहून अधिक आहेत. काहींचे कारण सापडत नाही, काही संधिवातासारख्या आजारांबरोबर येतात आणि काही श्वासावाटे आत गेलेल्या धुळीमुळे होतात. या तिसऱ्या प्रकाराचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे.

आपल्या घरातील, आपल्या खिडकीतील कारणे

भारतातील २७ केंद्रांनी मिळून १,०८४ रुग्णांची पद्धतशीर नोंद केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत अशा रुग्णांमध्ये अज्ञात कारणाने होणारा तंतुमय आजार, म्हणजे ‘आय.पी.एफ.’, प्रामुख्याने आढळतो. भारतीय नोंदीत त्याचे प्रमाण १३.७ टक्के निघाले. त्याउलट जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७.३ टक्के रुग्णांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हा आजार होता. श्वासातून जाणाऱ्या एखाद्या सेंद्रिय पदार्थाचे शरीराला वावडे निर्माण होऊन फुफ्फुसाला दाह होणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्या रुग्णांपैकी ४८.१ टक्के जणांचा एअर कूलरशी संबंध आढळला. साचलेल्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव हे त्याचे संभाव्य कारण. पक्ष्यांशी संपर्क आणि घरातील बुरशी हीदेखील या आजाराची परिचित कारणे आहेत.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात हवा मुळातच दमट असल्याने पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतींवरील बुरशी आणि इमारतींच्या सज्जांवर, एअर कंडिशनरच्या बाहेरील यंत्रामागे, खिडकीच्या जाळीत वस्ती करणारी कबुतरे यांची चौकशी आम्हाला प्रत्येक रुग्णाकडे करावी लागते. कबुतराची विष्ठा वाळते, तिचा भुगा होतो. पिसांवरची भुकटी हवेत मिसळते. त्यातील प्रथिनांचे पाच मायक्रॉनहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कबुतरे पाळणाऱ्या व्यक्तींमध्ये होणाऱ्या या आजाराचे वर्णन अमेरिकी डॉक्टरांनी १९६५ मध्येच केले होते. आपल्याकडे कबुतरे पाळावी लागत नाहीत. ती आपणहून बिऱ्हाड करतात.

कबुतरांना दाणे घालणे ही अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जीवदया आहे. आपल्या देणगीदारांपैकीही अनेकांच्या घरी ती श्रद्धेने पाळली जाते, याची आम्हाला जाणीव आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, त्यानंतर ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. त्या वादात पडण्याचे या लेखाचे प्रयोजन नाही. वैद्यकाच्या दृष्टीने सांगावयाचे ते इतकेच : आपल्या गॅलरीत टाकलेल्या मूठभर दाण्यांनी वरच्या मजल्यावरील एखाद्याचा श्वास कोंडू शकतो, आणि तो कोणाचा हे आधी कळण्याचा मार्ग नाही.

कारण अशा धुळीच्या संपर्कात येणाऱ्या बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही. काहींच्या शरीराची जडणघडणच वेगळी असते. फुफ्फुसातील श्लेष्मा तयार करणाऱ्या ‘एम.यू.सी. ५ बी’ या जनुकातील एका बदलामुळे आय.पी.एफ.चा धोका वाढतो, असे २०११ मध्ये दिसून आले. पुढे या तंतुमय आजाराच्या रुग्णांतही तोच बदल अधिक प्रमाणात आढळला.

दाह कसा पेटतो

वायुकोशांत ‘मॅक्रोफेज’ नावाच्या पहारेकरी पेशी असतात. आलेला कण गिळणे आणि इतरांना सावध करणे हे त्यांचे काम. कबुतराच्या प्रथिनांविरुद्ध रक्तात आधीच प्रतिपिंडे तयार झालेली असली, तर ती प्रथिनांना चिकटतात आणि त्या जोडगोळ्या पहारेकऱ्यांना अधिकच चेतवतात. मग निरोप धाडले जातात. हे निरोप म्हणजे लहान लहान संदेशवाहक प्रथिने, ज्यांना ‘सायटोकाइन’ म्हणतात.

कोविडच्या काळात ‘आय.एल. ६’ ही रक्तचाचणी पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाची झाली. ते अशाच एका निरोप्याचे नाव. त्याचे भाईबंद अनेक आहेत. ‘टी.एन.एफ. अल्फा’ व ‘आय.एल. १ बीटा’ हे निरोपे रक्तवाहिन्यांना सैल करतात आणि ताप, अंगदुखी आणतात. ‘आय.एल. ८’ हा न्यूट्रोफिल या लढाऊ पेशींना बोलावून आणतो. पाठोपाठ लिम्फोसाइट येतात. त्यांनी सोडलेल्या ‘इंटरफेरॉन गॅमा’मुळे मॅक्रोफेज एकत्र येऊन लहान गाठी तयार होतात. सी.टी. स्कॅनवर या अवस्थेत फुफ्फुस धुके पडल्यासारखे दिसते.

सिलिका किंवा ॲस्बेस्टॉसचे कण असतील, तर वाट थोडी निराळी असते. खडी फोडणे, दगड घडवणे, ओतकामाचे साचे साफ करणे अशा कामांतून हे सिलिकाचे कण शरीरात जातात. पहारेकरी पेशी कण गिळते, पण पचवू शकत नाही. अशा वेळी पेशीच्या आत ‘एन.एल.आर.पी. ३ इन्फ्लमझोम’ नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि ती ‘आय.एल. १ बीटा’ मोकळे करते, हे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. पेशी मरते, कण तसाच उरतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. म्हणूनच काम सोडल्यानंतरही सिलिकोसिस वाढत राहू शकतो.

कबुतरांच्या बाबतीत सुदैवाने तसे नाही. सेंद्रिय प्रथिनांचा शरीर निचरा करू शकते. संपर्क वेळीच तुटला तर निरोप थांबतात, पेशी परततात आणि धुके विरते. दाहाचे हे असे असते. तो मुळात शत्रू नव्हे; शरीराचे ते संरक्षण आहे. संकट येते ते दाह महिनोन्‌महिने धुमसत राहिल्याने.

दाहाकडून व्रणाकडे

भिंतीला तडा गेला की आपण गवंडी बोलावतो. तो सिमेंट भरतो आणि जातो. फुफ्फुसातही अशी डागडुजी सतत चालू असते. वायुकोशाच्या अस्तराला इजा झाली की ‘फायब्रोब्लास्ट’ पेशी तेथे येऊन कोलॅजनचे तंतू विणतात. काम संपले की त्यांनी निघून जावे, असा नियम आहे.

या गवंड्यांचा मुकादम म्हणजे ‘टी.जी.एफ. बीटा’ हे प्रथिन. ते ऊतींत निद्रिस्त अवस्थेत साठवलेले असते. इजा झालेल्या अस्तराच्या पेशींवर ‘इंटेग्रिन’ नावाचे आकडे असतात. ते ओढले गेले की मुकादम जागा होतो. त्याच्या हुकमावरून फायब्रोब्लास्टचे ‘मायोफायब्रोब्लास्ट’मध्ये रूपांतर होते. या पेशी पुष्कळ कोलॅजन तर विणतातच, शिवाय स्नायूंप्रमाणे आकुंचनही पावतात. एकेका पेशीची स्वतंत्र जनुकीय पाहणी करण्याचे तंत्र गेल्या दशकात हाती आल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. व्रण असलेल्या फुफ्फुसात मॅक्रोफेजचा एक वेगळाच गट आढळतो. तो ‘ऑस्टिओपॉन्टिन’ हे प्रथिन सोडतो आणि गवंड्यांना उत्तेजन देतो. म्हणजे जे पहारेकरी होते, त्यांतीलच काही आता डागडुजीच्या कामाला हातभार लावतात.

याहून गंभीर बाब पुढे आहे. व्रणामुळे ऊती कडक होतात. कडक झालेल्या ऊतींत आकड्यांचा ताण अधिक बसतो आणि निद्रिस्त मुकादम आणखी जागे होतात. अधिक कोलॅजन, अधिक कडकपणा, पुन्हा अधिक कोलॅजन, असे चक्र सुरू होते. एका टप्प्यानंतर या चक्राला मूळ कारणाची गरज उरत नाही. कबुतरे गेली, घर बदलले, तरी गवंडी थांबत नाहीत. ते खोलीच लिंपून टाकतात. सी.टी. स्कॅनवर तेव्हा मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसू लागतात.

याच कारणाने २०२० मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या आजाराचे तीव्र, मध्यम व जुनाट असे कालावधीवर आधारलेले जुने वर्गीकरण बाजूला ठेवले आणि ‘व्रणरहित’ व ‘व्रणयुक्त’ असे दोनच प्रकार केले. आजार किती दिवसांचा आहे यापेक्षा व्रण पडला आहे की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरला.

महागात पडलेला एक धडा

दाह आणि व्रण यांतील फरक समजण्यास वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. दाह असेल तर स्टिरॉइड द्यावे, हा सरळ हिशेब आय.पी.एफ.लाही लावला जात असे. अमेरिकेत प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रिन व एन-ॲसिटिलसिस्टीन या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची काटेकोर तपासणी झाली, तेव्हा निकाल उलटा लागला. उपचार घेणाऱ्या ७७ रुग्णांपैकी ८ दगावले. औषधाऐवजी निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या ७८ पैकी १. तो उपचार २०११ मध्ये थांबवण्यात आला आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा नव्हे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच्या दाहाच्या अवस्थेत तेच औषध रुग्णाला मोठा आराम देते. निरोप्यांना आवरणे त्याला जमते; मुकादमाला आवरणे जमत नाही. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्या आपल्या रुग्णाला का नाहीत, अशी शंका नातेवाइकांनी मनात ठेवू नये. ती आम्हाला अवश्य विचारावी. त्याचप्रमाणे चालू असलेले स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. त्यातून प्राणावर बेतू शकते.

वेळेवर ओळखायचे कसे

व्रणाची पहिली चाहूल पुष्कळदा साध्या तपासणीत लागते. रुग्णाच्या पाठीवर खालच्या बाजूस स्टेथोस्कोप ठेवला, तर मुलांच्या बुटांची चिकटपट्टी ओढताना होतो तसा करकर आवाज ऐकू येतो. काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात. बसल्या जागी बोटावरील ऑक्सिमीटर ९६ दाखवतो, पण सहा मिनिटे चालवल्यावर तोच आकडा ९० च्या खाली येतो. घरी ऑक्सिमीटर असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : या आजारात केवळ बसून घेतलेली नोंद दिलासा देण्यास पुरेशी नाही.

त्यानंतर उच्च विभेदनाचा सी.टी. स्कॅन, फुंकर मारून करावयाची श्वसनक्षमता चाचणी, पडद्यातून वायू किती पार होतो हे मोजणारी ‘डी.एल.सी.ओ.’ चाचणी, संधिवाताच्या रक्तचाचण्या आणि गरज भासल्यास दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन घेतलेल्या द्रवातील लिम्फोसाइटची मोजणी, असा क्रम असतो. या साऱ्यांच्या आधी येते ती खर्च नसलेली एक गोष्ट, म्हणजे रुग्णाशी सविस्तर बोलणे. काम काय केले, घरात ओल आहे का, कूलर आहे का, उशी पिसांची आहे का, खिडकीत कबुतरे बसतात का? कित्येकदा रुग्ण ‘आम्ही पक्षी पाळत नाही’ असे उत्तर देतात आणि ते खरेही असते. खिडकीबाहेरचे घरटे त्यांच्या हिशेबात नसते.

उपचारांची आजची स्थिती

कारण दूर करणे हा पहिला उपचार. कबुतरांसाठी जाळी बसवावी. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. ती पाण्याने भिजवून, मास्क लावून, रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने काढावी. भिंतीची गळती बंद करावी आणि कूलरचे पाणी व गवताच्या ताट्या नियमित बदलाव्यात.

दाह असल्यास स्टिरॉइड व तत्सम औषधे दिली जातात. व्रणासाठी ‘पिरफेनिडोन’ व ‘निंटेडॅनिब’ ही औषधे आहेत. अमेरिकेत या दोहोंना ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. निंटेडॅनिब फायब्रोब्लास्टला चेतवणारे काही संदेश पेशीच्या दारातच अडवते. वाढत्या व्रणाच्या इतर आजारांतही ते लागू पडते, हे २०१९ च्या ६६३ रुग्णांवरील अभ्यासात दिसले. फुफ्फुसाची क्षमता वर्षभरात निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत सरासरी १८७.८ मिलिलिटरने घटली, तर औषध घेणाऱ्यांत ८०.८ मिलिलिटरने. घट थांबली नाही, मंदावली. हे औषध घेऊनही ‘बरे का वाटत नाही’ असे विचारणाऱ्या कुटुंबांना आम्ही हेच समजावतो, की त्याचे यश काल होते तितके आज टिकून राहण्यात आहे. जुलाब, भूक मंदावणे, उन्हाने त्वचेवर चट्टे येणे व यकृतावर ताण असे दुष्परिणाम संभवतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत ‘नेरँडोमिलास्ट’ या नव्या औषधाला आय.पी.एफ.साठी मान्यता मिळाली. पेशीतील ज्या विकराला ते रोखते, त्याचा संबंध दाह व व्रण या दोहोंशी आहे. या औषधानेही व्रण पुसला जात नाही. घसरण मात्र मंदावते.

दानाची फुंकर कोठे पोहोचते

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवण्याची योजना २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये अमलात आहे. तथापि तंतुमय आजाराचा खरा भार खाटेवर पडत नाही. तो घरी पडतो. दरमहा लागणारी औषधे, प्राणवायू देणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र आणि त्याचे विजेचे बिल, व्यायामोपचारासाठी येण्याजाण्याचा रिक्षाभाडे व रजेचा खर्च, शिवाय रुग्णाजवळ थांबणाऱ्या मुलाची वा सुनेची बुडालेली रोजी. खाट मोफत मिळूनही कुटुंब हळूहळू खचत जाते ते यामुळे. एखाद्या दात्याने दिलेले एक यंत्र एका रुग्णानंतर दुसऱ्याच्या उशाशी जाते, आणि एका सी.टी. स्कॅनचा खर्च उचलल्याने कोणाचे निदान सहा महिने अलीकडे येते. त्या सहा महिन्यांत दाहाचा व्रण व्हावयाचा राहू शकतो. या आजारात दानाचे मोल रकमेइतकेच वेळेवरही ठरते.

प्रारंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. ‘हे बरे होईल ना?’ या प्रश्नाला काही रुग्णांच्या बाबतीत आम्ही आनंदाने होकार देतो. काहींच्या बाबतीत ‘आहे ते जपू’ इतकेच म्हणता येते. पहिल्या उत्तराचे रुग्ण वाढावेत आणि दुसऱ्याचे घटावेत, यासाठी प्रत्येक वाचकाने एवढे करावे : आपल्या घरात वा शेजारी कोणाचा कोरडा खोकला आठ आठवड्यांपलीकडे रेंगाळत असेल, जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. एकदा पाठीला स्टेथोस्कोप लावून घ्यावा आणि एकदा आपल्या खिडकीबाहेर डोकावून पाहावे.